परीक्षण: डोके-मानेच्या कर्करोगासाठी लिनॅकवरचा सात आठवड्यांचा किरणोपचार

बोलीभाषेत या उपचाराला ‘शेक’ म्हणतात, आणि पहिला गैरसमज त्या शब्दातूनच येतो. इथे उष्णतेने काहीच होत नाही. रोजची मात्रा २ ग्रे, म्हणजे दर किलो ऊतीमागे २ जूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेने ऊतीचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागानेही वाढत नाही. तरीही गाठ मरते. ती कशी मरते हे कळले की या उपचारात कुठे काटेकोर राहायला हवे आणि कुठे चालून जाते, हे आपोआप उलगडते.

परीक्षण आहे ते ६ एमव्ही (मेगाव्होल्ट) लिनॅकवर, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वेग देऊन क्ष-किरण काढणाऱ्या यंत्रावर, व्हीमॅट पद्धतीने (यंत्र रुग्णाभोवती फिरत असतानाच मात्रा देऊन) दिल्या जाणाऱ्या ठरलेल्या कोर्सचे: ७० ग्रे, ३५ फ्रॅक्शन (हप्ते), आठवड्याला पाच. आमचे मत आधीच सांगून टाकतो. या उपचाराची खरी ताकद यंत्राच्या मॉडेलपेक्षा रोजच्या वेळापत्रकात आणि मिलिमीटरमध्ये मोजल्या जाणाऱ्या जागेत आहे.

यंत्राचे काम नेमके आहे. मायक्रोवेव्हच्या जोरावर वेग घेतलेले इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात आणि त्यातून क्ष-किरण निघतात. या ऊर्जेचे किरण शरीरात शिरले की त्यांची टक्कर मुख्यतः सैल बांधलेल्या इलेक्ट्रॉनांशी होते. फोटॉन इलेक्ट्रॉनला धक्का देतो आणि स्वतः दिशा बदलून पुढे जातो. यालाच कॉम्प्टन विखुरण म्हणतात. ते अणुक्रमांकावर जवळजवळ अवलंबून नसते, म्हणून निदानाच्या एक्स-रेत पांढरे दिसणारे हाड इथे जास्तीची मात्रा ओढून घेत नाही. जबड्याशेजारची गाठ असेल तर ही फार मोलाची गोष्ट आहे. शिवाय सुटलेले इलेक्ट्रॉन पुढच्या दिशेने धावत असल्यामुळे सर्वाधिक मात्रा त्वचेवर न पडता साधारण दीड सेंटिमीटर खोल पडते. तिथून ती उतरत जाते. १० सेंटिमीटर खोलीवर एका सरळ बीमची (किरणझोताची) सुमारे दोन तृतीयांश मात्रा उरते. एकाच दिशेने मारा केला तर वाटेतल्या निरोगी भागाला गाठीपेक्षा जास्त बसेल. म्हणून यंत्र भोवती फिरते आणि टंगस्टनच्या पातळ पात्या क्षणोक्षणी बीमचा आकार बदलतात. हा भाग उत्तम जमलेला आहे. पाठीचा मज्जारज्जू ४५ ते ५० ग्रेच्या आत आणि निदान एका बाजूच्या लाळग्रंथीची सरासरी २६ ग्रेच्या आसपास ठेवणे बहुतेक प्लॅनमध्ये साधते.

पण किरण नेमका पोहोचला म्हणून पेशी मेली असे होत नाही. १ ग्रे मात्रेने एका पेशीच्या डीएनएत हजारभर ठिकाणी एक धागा तुटतो, आणि सुमारे चाळीस ठिकाणी दोन्ही धागे. घातक ठरतात ते हे दुहेरी तुटलेले. क्ष-किरणांच्या नुकसानीचा साधारण दोन तृतीयांश वाटा थेट माराचा नसतोच. पेशीतल्या पाण्यापासून बनणारे हायड्रॉक्सिल मूलक (अतिक्रियाशील कण) तो घाव घालतात, आणि जवळ ऑक्सिजन असेल तर घाव पक्का होतो. ऑक्सिजनविना तेवढ्याच परिणामाला अडीच ते तीनपट मात्रा लागते. मोठ्या गाठीच्या आतल्या, रक्तवाहिनीपासून दूरच्या पेशी म्हणूनच तग धरतात. बाहेरचा थर मरत गेला की आतल्यांपर्यंत ऑक्सिजन पोहोचू लागतो, आणि रोज थोडे-थोडे देण्याचा एक फायदा हाच. उपचार चालू असताना धूम्रपान करू नका हे बजावणे उपदेश नव्हे: कार्बन मोनॉक्साइड रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता खाते आणि त्याच दिवसाची मात्रा बोथट होते.

दुसरा फायदा दुरुस्तीचा: दोन मात्रांच्या मधल्या वेळात निरोगी ऊती स्वतःला सावरतात. तो आकड्यांतच पाहावा. गाठीसाठी अल्फा-बीटा गुणोत्तर (ते जितके कमी, तितका एका वेळच्या मोठ्या मात्रेचा फटका जास्त) १० आणि उशिरा बिघडणाऱ्या निरोगी ऊतींसाठी ३ धरले, तर ३५ वेळा २ ग्रे दिल्यावर गाठीवरचा जैविक परिणाम ८४ आणि निरोगी ऊतींवरचा ११७ येतो. ‘लवकर उरकू’ म्हणून १० वेळा ५ ग्रे दिले तर गाठीवर ७५ आणि निरोगी ऊतींवर १३३. म्हणजे गाठीला कमी, रुग्णाला जास्त. प्रत्येक गाठीचे गणित असेच नसते. स्तनाच्या कर्करोगात १५ फ्रॅक्शनमध्ये ४० ग्रे हा आज प्रस्थापित कोर्स आहे, पण तो तर्क जसाच्या तसा घशावर आणता येत नाही.

म्हणून खाडे हा या सेवेचा सर्वांत महागडा दोष. साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कर्कपेशी झपाट्याने वाढू लागतात. पुढचा प्रत्येक वाया गेलेला दिवस दिलेल्या मात्रेतून सुमारे ०.६ ग्रे गिळतो. यंत्र बंद पडले, सलग सुट्ट्या आल्या, तोंडाच्या फोडांमुळे रुग्ण आलाच नाही, कारण कोणतेही असो, दिवस शेवटी जोडून भरपाई पूर्ण होत नाही. त्याच आठवड्यात एखाद्या दिवशी दोन फ्रॅक्शन देऊन, त्यांच्यात किमान सहा तासांचे अंतर ठेवून, भरून काढणे बरे.

मास्कबद्दल थोडे जास्त लिहायला हवे, कारण चुका इथेच शिरतात. डोके रोज त्याच जागी स्थिर राहावे म्हणून थर्मोप्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात. ती पुरती गार होण्याआधी काढली तर नंतर आकसते आणि दुसऱ्या दिवशी हनुवटी बसत नाही. नाकाचा उंचवटा, हनुवटी आणि कपाळ या तिन्ही ठिकाणी ती चिकटलेली हवी. खांदे वर सरकले की मानेचा खालचा भाग प्लॅनमधून निसटतो, आणि हे फक्त चेहरा पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मास्क त्वचेवर पडदा बनून वरची मात्रा थोडी वाढवतो, म्हणून मानेच्या घडीत चामडी आधी सोलवटते. गाठीभोवतीची सुरक्षा-कड ३ ते ५ मिलिमीटरच असते. ती रोजच्या सीबीसीटीच्या (उपचाराच्या यंत्रावरच जागा तपासायला काढलेल्या सीटीच्या) भरवशावर ठेवलेली असते. सीबीसीटी आठवड्यातून एकदाच होणार असेल तर कड रुंद ठेवावी लागते आणि लाळग्रंथी वाचवण्याचा दावा तिथेच सैल पडतो.

वजन उतरले की मास्क ढिला होतो आणि आकसलेल्या लाळग्रंथी आत, जास्त मात्रेच्या भागाकडे सरकतात. अशा वेळी नवा मास्क, नवा सीटी आणि नवा प्लॅन हाच उपाय. जुन्या मास्कखाली कापड सारून चालवणे आम्हाला मान्य नाही. दातांतले धातूचे भरण सीटीत पट्टे पाडते. त्या जागेची घनता हाताने दुरुस्त केली नाही तर मात्रेचे गणित चुकते.

उणे बाजू लहान नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलते, चव जाते, गिळणे दुखते. कोरडेपणा काही प्रमाणात कायमचा राहतो, थायरॉईड पुढे मंदावू शकते, आणि जबड्याचे हाड नंतरच्या दात काढण्याला नीट भरून येत नाही. किडलेले दात उपचाराआधी काढून जखम भरायला किमान दोन आठवडे द्यायला हवेत.

गाठ लगेच विरघळली नाही म्हणून उपचार फसला असे समजू नये. घाव बसलेली पेशी बहुधा विभाजनाच्या प्रयत्नात मरते, एकदोन विभाजनांनंतरही. पेट-सीटी (सक्रिय पेशी उजळून दाखवणारे स्कॅन) साधारण बारा आठवड्यांनी करतात ते यासाठी. त्याआधी सूजच उजळते आणि विनाकारण तुकडा तपासायला सुई टोचली जाते.

केंद्र निवडताना आमच्या लेखी तीन प्रश्न पुरेसे आहेत: सीबीसीटी रोज होते का, यंत्र बंद पडल्यास त्याच ऊर्जेचे जुळवलेले दुसरे यंत्र आहे का, आणि बीमची मात्रा रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी तपासून ३ टक्क्यांच्या आत असल्याची नोंद होते का. तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर पाच-दहा वर्षे जुने यंत्रही आम्ही बिनदिक्कत सुचवू.