टाकीची नोंद, ३८० रुपयांचं कार्ड आणि पोस्टग्रेस: दहा महिन्यांनंतर

काल परतीच्या पावसात वॉचमनने मीटररूमचा मेन स्विच पुन्हा पाडला. जुलैत त्याने हेच केलं तेव्हा मी दोन रात्री जागलो होतो. काल वीज आली, रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर सुरू झाला, त्यावरचं पोस्टग्रेस (डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) स्वतःहून सावरलं आणि चहा संपायच्या आत मोबाइलवर इमारतीच्या पाण्याच्या टाकीचा आकडा दिसला. म्हणून लिहायला बसलो.

सेटअप साधा आहे. रास्पबेरी पाय ३, १ जीबी रॅम, मेमरी कार्ड. तीन टाक्यांचे सेन्सर दर ५ सेकंदांनी एकेक ओळ टाकतात. मेंटेनन्सच्या पावत्याही त्याच डेटाबेसमध्ये, कारण खजिनदार काकांना वेगळा कॉम्प्युटर म्हणजे उधळपट्टी वाटते. इमारत परळला. हिंदमाताला पाणी भरलं की ते आमच्या मीटररूमच्या पायरीला लागतं. पाणी दिसलं की स्विच पाड, हे वॉचमनला कमिटीनेच सांगितलंय, त्यामुळे त्याला बोलायची सोय नाही.

पहिलं कार्ड लॅमिंग्टन रोडवरून ३८० रुपयांना आणलं. त्यावर गोलात ठळक १० लिहिलेलं, मी खूश. पण तो आकडा सलग लिहिण्याचा, सेकंदाला १० एमबी. व्हिडिओ शूट करणाऱ्याला तो उपयोगी. डेटाबेस इथे चिमूटभर, तिथे चिमूटभर लिहितो आणि प्रत्येक कमिटला (नोंद पक्की करताना) 'नक्की उतरलं का?' असं विचारत कार्डाच्या दारात उभा राहतो. त्यासाठी कार्डावर ए१ हे बारीक अक्षर शोधायचं: सेकंदाला किमान ५०० रँडम, म्हणजे विखुरलेले, राइट. दुकानदार म्हणाला, 'सब सेम है.' डोंबलाचं सेम!

मार्चमध्ये ते कार्ड रीड-ओन्ली झालं, म्हणजे त्यावर नवं काही लिहिता येईना. मी दुकानदाराला महिनाभर शिव्या घातल्या. मग एकदा हिशेब मांडला: तीन सेन्सर, दिवसाला ५१,८४० ओळी, प्रत्येक ओळीचं वेगळं कमिट. ओळ असेल चाळीसेक बाइटची, पण वॉल (प्रत्येक बदल आधी टिपून ठेवणारी पोस्टग्रेसची रोजवही) ८ केबीच्या पानांनी लिहिलं जातं आणि कार्ड आतून त्याहून कितीतरी मोठे ब्लॉक पुसून भरतं. वाटीभर आमटीसाठी रोज पातेलं घासायचं, तसं. शिव्या निम्म्या मागे घेतो.

नव्या कार्डावर भाच्याच्या सल्ल्याने एफसिंक (तेच ते 'नक्की उतरलं का?') बंद केलं. कसलं पळायला लागलं! एप्रिलमध्ये हेच सेटिंग मी चार जणांना छातीठोकपणे सुचवलं. त्यांनी कृपया ते आजच उलटं करावं. जुलैत स्विच पडला आणि पोस्टग्रेस 'पॅनिक: कुड नॉट लोकेट अ व्हॅलिड चेकपॉइंट रेकॉर्ड' म्हणून जे आडवं झालं ते उठेना. डंप, म्हणजे डेटाबेसची बॅकअप कॉपी, तीन आठवडे जुना. मधल्या पावत्या काकांच्या कार्बन कॉपीच्या पुस्तकातून टाइप केल्या. ते पुस्तक बंद करा म्हणून मीच मागे लागलो होतो, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

मग हाती लागलं ते सिंक्रोनस कमिट: वॉल कार्डावर उतरेपर्यंत कमिटने थांबायचं, असं सांगणारं सेटिंग. एफसिंक चालूच ठेवायचं आणि फक्त हे बंद करायचं. वीज गेली तर शेवटच्या काही नोंदी जातात, पण डेटाबेस मोडत नाही. किती नोंदी? वॉल रायटर डिलेच्या (वॉल कार्डावर उतरवायच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळाच्या) जास्तीत जास्त तिप्पट वेळातल्या. मूळ डिले २०० मिलिसेकंद. मी तो १० सेकंदांवर नेलाय, म्हणजे फार तर अर्धं मिनिट गेलं. अर्ध्या मिनिटात टाकी काही पळून जात नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. हे सेटिंग युजरप्रमाणे, अगदी एकेका ट्रान्झॅक्शनप्रमाणेही बदलता येतं. सेन्सरच्या युजरला बंद, काकांच्या युजरला चालू. एकाच कार्डावर टाकीचा हिशेब उधारीवर आणि पावती रोखीची! काकांची पावती फ्लश होते तेव्हा वॉलमध्ये तिच्या आधी थांबलेल्या सेन्सरच्या ओळीही तिच्याबरोबर कार्डावर उतरतात. यावर मी घरी इतकं बोललोय की बायको आता विषय निघाला की पंखा वाढवते.

बाकी बदलही केलेत. चेकपॉइंट (रॅममधली बदललेली पानं मूळ फाइलींत उतरवायची वेळ) ५ मिनिटांवरून ३० वर नेला, कारण प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला की आख्खं ८ केबीचं पान वॉलमध्ये जातं. वेळेच्या कॉलमवर नेहमीच्या बी-ट्रीऐवजी ब्रिन इंडेक्स (पानांच्या गठ्ठ्यामागे फक्त किमान-कमाल वेळ ठेवणारी सूची) टाकला, तो जेमतेम काही पानांचा आहे. जुन्या नोंदी रोज रात्री डिलीट करायचो, आता महिन्याचं पार्टिशन, म्हणजे टेबलचा तेवढा तुकडाच, ड्रॉप करतो. नोएटाइम लावलं (फाइल वाचल्याची वेळ लिहिणं बंद), लॉग रॅममध्ये नेले. रँडम पेज कॉस्ट (विखुरलेलं पान वाचायला पोस्टग्रेस धरतं तो अंदाजे खर्च) ४ वरून १.१ केला, काडीचा फरक जाणवला नाही.

कार्डाऐवजी एसएसडी डिस्क घेण्याचा ठराव सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये मांडला होता. 'चालतंय ना आता?' असं काकांनी विचारलं. चालतंय, असं मीच म्हणालो. रात्री दोनचा डंप पेनड्राइव्हवर जातो. तो पेनड्राइव्ह माझ्या खर्चाचा.