काळी पाचमधला हरवलेला कॉन्चेर्टो : हायपेरियनची स्टेनहामर सीडी

विल्हेल्म स्टेनहामर या स्वीडिश संगीतकाराचे दोन्ही पियानो कॉन्चेर्टो (एक पियानोवादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचना) एकत्र हवे असतील तर हायपेरियन या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीची ‘सीडीए ६७७५०’ क्रमांकाची सीडी घ्या. पियानोवर सेता तन्येल, ऑर्केस्ट्रा हेल्सिंगबोर्ग सिंफनी, संचालक अँड्र्यू मँझी. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘रोमँटिक पियानो कॉन्चेर्टो’ मालिकेतला हा ४९ वा भाग, २००९ चा. पहिला कॉन्चेर्टो सुमारे पाऊण तासाचा, दुसरा अर्ध्या तासाच्या आतबाहेर, म्हणजे सीडी जवळजवळ काठोकाठ भरलेली आहे.

पहिला कॉन्चेर्टो बी फ्लॅट मायनरमध्ये आहे. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत काळी पाच, आणि कोमल गंधाराचा रंग. चायकोव्हस्कीचा जगप्रसिद्ध पहिला कॉन्चेर्टोही याच स्वरातला, त्यामुळे तुलना आपोआप होते आणि ती स्टेनहामरवर अन्याय करते. त्याचं खरं नातं ब्राम्सशी आहे. ब्राम्सच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोप्रमाणे इथेही नेहमीच्या तीनऐवजी चार भाग आहेत आणि दुसऱ्या क्रमांकावर स्केर्झो, म्हणजे चपळ, खेळकर भाग आहे. बर्लिनमध्ये हाइनरिश बार्थकडे पियानो शिकून परतलेल्या २२ वर्षांच्या मुलाने १८९३ मध्ये हे लिहिलं आणि त्यावर ओपस १, म्हणजे रचना क्रमांक १, असा आकडा घातला. १७ मार्च १८९४ रोजी स्टॉकहोममध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा पियानोवर तो स्वतःच होता.

इतकी मोठी, सुरेल आणि वाजवणाऱ्याचा कस पाहणारी रचना मागे का पडली? पुढे स्टेनहामरलाच ती नकोशी झाली, हे एक कारण. पण मोठा घाव युद्धाचा. प्रकाशक हाइनाउअर ब्रेस्लाउचा, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफचा. दुसऱ्या महायुद्धात तिथलं ऑर्केस्ट्राचं साहित्य नष्ट झालं आणि हाती उरली फक्त दोन पियानोंची आवृत्ती. तिच्यात एका पियानोवर मुख्य वादक असतो आणि दुसऱ्यावर सगळा ऑर्केस्ट्रा दोन हातांत कोंबलेला असतो. सरावाला ती पुरते, पण मैफलीत साठसत्तर वादकांपुढे ठेवायला प्रत्येक वाद्याचे सुटे कागद लागतात. ते नसतील तर कोणताही ऑर्केस्ट्रा ती रचना कार्यक्रमात घेऊ शकत नाही, मग ती कितीही आवडो.

महायुद्ध संपताना कुर्ट अॅटरबर्ग या स्वीडिश संगीतकाराने त्या दोन पियानोंच्या आवृत्तीवरून ऑर्केस्ट्रा पुन्हा उभा केला. हे काम किती अवघड, ते अशा आवृत्तीचं एक पान समोर धरलं की कळतं. डाव्या हाताला खाली दोन स्वरांची भराभर थरथर लिहिलेली असते. ती मुळात टिंपनीची (नगाऱ्यांची) घरघर होती की डबल बासची? मधली सुरावट क्लॅरिनेटची की व्हायोलांची? पियानोचा स्वर वाजला की विरू लागतो, त्यामुळे हॉर्नने आठ मात्रा धरून ठेवलेला सूर तिथे दिसतच नाही. स्वर सगळे हाती आहेत, रंग एकही नाही, अशी ही अवस्था. अॅटरबर्ग स्वतः उत्तम वाद्यवृंदकार होता आणि त्याने मनापासून काम केलं, पण जिथे कागद गप्प होता तिथे निर्णय त्यालाच घ्यावे लागले. त्याचे ऋण मात्र मानलेच पाहिजेत. पुढची जवळजवळ चार दशकं हा कॉन्चेर्टो जिवंत राहिला तो त्याच्यामुळे.

१९८३ मध्ये अॅलन हो या अमेरिकन अभ्यासकाला वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मूळ वाद्ययोजनेची हस्तलिखित नक्कल सापडली. म्हणून रेकॉर्डिंग निवडताना पहिला प्रश्न कलाकाराचा नसतो, आवृत्तीचा असतो. इरेने मानहाइमर आणि शार्ल द्युत्वा यांचं स्टर्लिंग कंपनीचं रेकॉर्डिंग शोधापूर्वीचं, अॅटरबर्गच्या आवृत्तीचं. बिस या स्वीडिश कंपनीचं लव्ह डर्विंगर, माल्मो सिंफनी आणि पावो यार्वी यांचं रेकॉर्डिंग मूळ आवृत्तीचं आहे. हायपेरियनच्या सीडीवरही मूळच. कव्हरवर किंवा पुस्तिकेत ‘मूळ आवृत्ती’ असा उल्लेख आहे का, ते पाहूनच पैसे द्या. दोन्ही मिळाल्या तर एकामागून एक ऐकाव्यात. स्वर तेच असूनही वजन कुठे बदलतं ते दुसऱ्या ऐकण्यात स्पष्ट जाणवतं, विशेषतः पियानोच्या मागे ऑर्केस्ट्रा दबून असतो त्या जागी.

रचनेत उणीव आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एकटा पहिला भागच सबंध रचनेच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा. तरुण हाताला काय गाळावं ते कळलेलं नाही. सुंदर कल्पना येते, मग तिची भावंडंही येतात. पहिल्यांदा ऐकताना इथेच पुष्कळ जण सोडून देतात. त्यापेक्षा सुरुवात दुसऱ्या भागापासून करावी. ‘विवाचिस्सिमो’ म्हणजे अतिशय चपळ, आणि पियानो इथे खरोखरच जमिनीला पाय न लावता धावतो. लगेच पुढचा आंदांते, म्हणजे संथ भाग, ऐका. या सगळ्या रचनेत स्टेनहामर सर्वांत स्वतःसारखा आहे तो इथे, कुठलाही बडेजाव न करता गाणारा. हे दोन भाग ओळखीचे झाले की मग पहिल्यापासून सलग बसा.

दुसरा कॉन्चेर्टो, डी मायनर, ओपस २३, वेगळ्याच प्रतीचा आहे. तो १९०७ मध्ये पूर्ण झाला. याच वर्षी स्टेनहामर गोथेनबर्गच्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख संचालक झाला आणि १९२२ पर्यंत तिथे राहिला. ही सीडी घेण्याचं खरं कारण हाच कॉन्चेर्टो. पियानो एकटाच, हळू आवाजात, बोलल्यासारखा सुरू होतो. त्याची पट्टी पांढरी दोन. ऑर्केस्ट्रा उत्तर देतो ते खालून, काळी एककडे ओढत. अर्ध्या स्वराचा फरक! गायकाने पांढरी दोन लावावी आणि तंबोरा काळी एकमध्ये जुळवलेला असावा, तशी ती बेचैनी आहे. पियानो मनधरणी करतो, खेळकरपणे निसटतो, पण ऑर्केस्ट्रा हटत नाही. संथ भागात तर काळी एकचाच अंमल चालतो. शेवटच्या भागात पांढरी दोन जिंकते आणि तीही शुद्ध गंधार घेऊन, म्हणजे मेजरमध्ये. सवाल-जवाब आपल्याला नवे नाहीत, पण दोन पक्ष षड्जावरूनच भांडतात असा सवाल-जवाब विरळाच.

ऐकण्याची व्यवस्था इथे महत्त्वाची आहे. या दुसऱ्या कॉन्चेर्टोचे चारही भाग न थांबता एकात एक मिसळतात, पण सीडीवर आणि अॅपमध्ये त्यांचे तुकडे केलेले असतात. अॅपच्या सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ चालू ठेवा, शफल आणि क्रॉसफेड बंद करा. नाहीतर जोडावर अर्ध्या सेकंदाची शांतता घुसते किंवा शेवटचा सूर पुढच्या सुरुवातीवर चढतो, आणि स्वरबदलाचा नेमका क्षण हातचा जातो. मोबाइलच्या स्पीकरवर हा कॉन्चेर्टो ऐकूच नये. ऑर्केस्ट्राचं पहिलं उत्तर खालच्या तारांमध्ये आहे आणि तो छोटा स्पीकर ते गिळून टाकतो. साधे पण व्यवस्थित बसणारे इअरफोन पुरतात. सुरुवात हळू आहे म्हणून आवाज वाढवू नका. पहिला मोठा ऑर्केस्ट्राचा आघात ऐकून पातळी ठरवा, मग मागे जाऊन पुन्हा सुरू करा.

तन्येलचं वादन लांब ओळ सांभाळणारं आहे. पहिल्या कॉन्चेर्टोतल्या दोन्ही हातांच्या जाड स्वरसंघातही वरची सुरावट बुडत नाही, आणि या रचनेत तीच खरी परीक्षा. मँझी मूळचा बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या संगीताचा व्हायोलिनवादक, त्यामुळे तंतुवाद्यांचा थर पातळ आणि स्वच्छ राहतो. दुसऱ्या कॉन्चेर्टोत मात्र ऑर्केस्ट्राने आणखी आडमुठेपणा दाखवायला हवा होता. तो हवा असेल तर बिसवरचं क्रिस्टिना ऑर्टिझ आणि निमे यार्वी यांचं रेकॉर्डिंग जोडीला ठेवा. तिथला ऑर्केस्ट्रा गोथेनबर्गचा, म्हणजे स्टेनहामरच्या घरचाच.

हायपेरियनचं संगीत पूर्वी स्ट्रीमिंगवर नव्हतं. २०२३ मध्ये युनिव्हर्सलने कंपनी घेतल्यावर ते टप्प्याटप्प्याने आलं, त्यामुळे आता सीडी न मागवताही ऐकता येतं. शोधताना संगीतकाराच्या नावापुढे ‘तन्येल’ टाका. नुसतं ‘पियानो कॉन्चेर्टो नंबर १’ लिहिलं तर आधी चायकोव्हस्कीचीच रांग लागते.