तुटलेल्या स्टडसाठी उलटे ड्रिल बिट: आधी हेच घ्या

मारुती ८०० चं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ्यांचा जोड) उतरवताना ८ एमएमचा एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, इंजिनाच्या हेडच्या पृष्ठभागालगत तुटला. पकडीत धरायला टोकच उरलं नाही. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादाचा. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन आणि ओल धरून आटे जाम होतात. त्यामुळे अशा जुन्या गाडीला हात लावण्याआधीच हे उलटे बिट घरात असावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी घेतलेला संच कोबाल्टच्या पाच बिटांचा आहे. त्यांची धार उलटी असते, म्हणून ड्रिल रिव्हर्समध्ये चालवायचं. साधा बिट स्टडला आणखी आवळत नेतो. हा भोक पाडतानाच स्टड सोडवायच्या दिशेने ओढतो. कानशीने तुटलेलं तोंड सपाट केलं, अगदी मध्यावर पंच मारला, आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मुरवलं होतं. ३ एमएमने सुरुवात केली, मग ५. वेग कमी, हॅमर मोड बंद, मधूनमधून तेलाचा थेंब. ५ एमएमचा बिट निम्म्यावर गेला आणि अडकला, त्याच क्षणी स्टड फिरला. बिटासोबत तो अलगद बाहेर आला! आटे शाबूत. नुसता टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ केले.

संचात ईझी-आउटही आहेत, म्हणजे भोकात रुतवून तुटलेला स्टड उलटा फिरवायचे निमुळते दांडे, पण ते मी डबीतच ठेवले. निमुळता ईझी-आउट आत ठोकला की स्टड फुगून आणखी घट्ट बसतो. तो आत मोडला तर इतका कडक असतो की साधा बिट त्याला लागतही नाही. मग हेड उतरवून वर्कशॉप गाठावं लागतं. पंच मध्यावर बसला नसेल तरी थांबा, बिट मऊ ॲल्युमिनियमकडे सरकतो. स्टड थोडा वर उरला असेल तर त्यावर नट वेल्ड करून घेणं जास्त चांगलं.

उणिवा आहेत. कोबाल्ट ठिसूळ, बारीक बिट जरा तिरका झाला तरी मोडेल. बिटांवरचे आकडे इतके पुसट की कॅलिपर लावावा लागतो. आणि तुमच्या ड्रिलला रिव्हर्स नसेल तर हा संच घेऊ नका.