संत्र्याच्या वासाचा हँड क्लीनर: नऊ महिने, एक स्प्लेंडर आणि रविवारची कणीक

आमच्या घरी रविवारी दोन कामं माझ्याकडे असतात. सकाळी गाडी आणि दुपारी पोळ्या. वरवर पाहता यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण पहिल्या कामाची सगळी हकिगत दुसऱ्यात उतरते. पांढऱ्या कणकेत काळी रेघ उमटली की बायको काही बोलत नाही, फक्त गोळा उचलून बाजूला ठेवते. गेल्या जूनमध्ये असे तीन गोळे बाजूला गेल्यावर मी नाना पेठेत गेलो आणि मेकॅनिक लोकांसाठीची दाणेदार पेस्ट घेऊन आलो. एक किलोचा डबा, संत्र्याचा वास. आता मार्च आहे, डब्याचा तळ दिसायला लागलाय, म्हणून लिहितोय.

माझी गाडी चौदा वर्षांची स्प्लेंडर. ऑइल बदलणं, चेन धुऊन तिला नव्वद नंबरचं गियर ऑइल देणं, ब्रेक लायनर साफ करणं, एवढं घरीच करतो. गॅरेजवाल्याचा राग नाही, हौस आहे. या कामांत सगळ्यात घाण हात कशाने होत असतील तर चेनने. इंजिन ऑइल कितीही काळं असलं तरी पातळ असतं, फडक्याने निम्मं निघून जातं. चेनवरचा लगदा म्हणजे जुनं ऑइल, रस्त्याची धूळ आणि झिजलेल्या लोखंडाची पूड यांचं कालवण. तो बोटांच्या रेषांत बसतो आणि साबणाला दाद देत नाही. पावसाळ्यात तर विचारू नका.

आधी काय करायचो तेही सांगतो. लहानपणी वडील रॉकेलने हात धुवायचे. आता रेशनचं रॉकेल बघायला मिळत नाही, म्हणून मी पेट्रोलवर आलो. कोपऱ्यावरचा मेकॅनिक आजही तेच करतो: बाटलीच्या टोपणात पेट्रोल, मग धुण्याची पावडर, मग माती. "अहो, आमचे हात काय, सवय झालीय त्यांना," म्हणतो. सवय वगैरे काही होत नाही. पेट्रोल ग्रीसबरोबर कातडीतलं तेलही ओढून नेतं, मग भेगा पडतात आणि पुढच्या वेळी घाण त्या भेगांत जाऊन बसते. शिवाय पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं, त्याने कॅन्सर होऊ शकतो. वापरलेलं इंजिन ऑइलही अंगावर फार वेळ राहू देऊ नये. आणि पेट्रोलचा वास येणारे हात घेऊन गॅसपाशी पोळ्या लाटायला उभं राहायचं? हे शहाणपण सुचायला मला चाळिशी उजाडली.

आता डब्याविषयी. पहिले दोन रविवार मला वाटलं, फसलो. नळाखाली हात ओले केले, पेस्ट घेतली, चोळली. काळं पाणी निघालं खरं, पण बोटं राखाडीच राहिली. मग डब्यामागची बारीक अक्षरं वाचली: कोरड्या हाताला लावा. सगळी गोम तिथेच आहे. संत्र्याच्या सालीतलं तेल ग्रीस विरघळवतं, पण हात आधीच ओले असतील तर ते ग्रीसपर्यंत नीट पोचत नाही, पेस्ट नुसती वरून घसरत राहते. कोरड्या हाताला सुपारीएवढी पेस्ट लावायची, मिनिटभर चोळायची, ती काळी आणि पातळ झाली की फडक्याने पुसायची. पाणी सगळ्यात शेवटी. तिसऱ्या रविवारी असं केलं आणि कणीक पांढरी राहिली. जवळजवळ.

जवळजवळ म्हणायचं कारण नखं. नखांच्या कडांशी पेस्टचे दाणे पोचत नाहीत. त्यावरचा उपाय डब्यात नाही, साबणाच्या वडीत आहे. काम सुरू करण्याआधी ओलसर वडीवर नखं खरवडायची, नखांखाली साबण भरून ठेवायचा. मग घाणीला शिरायला जागाच उरत नाही, आणि शेवटी जुन्या टूथब्रशने दोन हात मारले की सगळं बाहेर. हे एवढं सोपं आहे की आधी कुणी का सांगितलं नाही याचा मला अजून राग आहे.

तक्रारी आहेतच. हाताला खरचटलेलं असेल तर दाणे असे झोंबतात की संत्र्याचा वास विसरायला होतो. पाना निसटून बोटाची सालपटं निघाली त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. दाणे बेसिनच्या पाइपात खाली बसतात. दिवाळीच्या सुमारास पाणी तुंबलं तेव्हा प्लंबरने ओंजळभर गाळ काढून दाखवला, तेव्हापासून अंगणात बादलीवर हात धुतो. झाकण एकदा रात्रभर उघडं राहिलं तर वरचा थर सुकून खडखडीत झाला. आणि आमचं बोअरचं जड पाणी! पेस्टनंतर हाताला जो चिकटपणा राहतो तो त्या पाण्याने जाता जात नाही, साधा साबण एकदा लावावाच लागतो.

शिवाय प्रत्येक वेळी ही पेस्ट लागतेच असंही नाही. नुसतं ऑइल बदललं असेल तर चमचाभर खोबरेल आणि मूठभर साखर पुरते. तेलाने तेल सुटतं, साखर दाण्यांचं काम करते आणि नंतर पाण्यात विरघळून जाते, त्यामुळे पाइपाचीही भीती नाही. तळणीचं उरलेलं तेलही चालतं, फक्त हाताला भज्यांचा वास येतो. मोठी पेस्ट मी आता चेनसाठी राखून ठेवतो, म्हणून तर किलोभर नऊ महिने पुरली.

हातमोजे का नाही, असं विचाराल. आणले होते. आधी रबराचे पातळ आणले, ते ऑइल लागताच फुगून फाटले. मग निळे नायट्राइलचे आणले, ते टिकतात, चेन धुताना मी ते घालतोच. पण एप्रिल-मेच्या उकाड्यात आत घामाचं तळं होतं, आणि बारीक स्क्रू धरायचा म्हटलं की मी ते काढून फेकतो. म्हणजे हात काळे व्हायचे ते होतातच.

पुढचा डबा घ्यायचा आहे, पण अर्ध्या किलोचा. दुकानदार म्हणाला होता की मोठा घेतला तर स्वस्त पडतो. पडतो, पण शेवटचा पाव किलो तेल वेगळं आणि दाणे वेगळे असा झालाय, दर वेळी काडीने ढवळून घ्यावा लागतो. ती काडी म्हणजे आमच्याच स्वयंपाकघरातला एक जुना चमचा आहे. तो कुठे गेला, हे घरात अजून कुणी विचारलेलं नाही.