पाय प्लास्टरमध्ये, मनगटं दुखरी आणि घरात तरणा लॅब्रेडॉर: काही महिन्यांच्या वापरानंतर कुठल्या वस्तू टिकल्या

घोट्याचं हाड मोडलं की बऱ्याचदा सहा आठवडे पाय टेकायची परवानगी नसते. चिकुनगुन्या झाला तर ताप काही दिवसांत उतरतो, पण मनगटं आणि बोटांचे सांधे कित्येक आठवडे, कधी कधी महिनोन्महिने धरलेले राहतात. दोन वर्षांच्या लॅब्रेडॉरला, बीगलला किंवा उंडारायची सवय असलेल्या देशी कुत्र्याला यातलं काही कळत नाही. त्याला सकाळी सहाला बाहेर जायचंच असतं.

अशा वेळी उपयोगी पडतील म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वस्तू ३० किलोच्या लॅब्रेडॉरसाठी, फ्लॅटमध्ये, काही महिने रोजच्या वापरात आहेत. त्यावरून ठाम मत असं: फिरणं कमी झालं म्हणून घरात पळवून भरपाई करायला जाऊ नका. नाकाला आणि जिभेला काम द्या. हुंगून शोधणं आणि चाटणं यांनी कुत्रा शांत होऊन झोपतो. नुसता पळवला तर दमतो, पण डोकं तापलेलंच राहतं.

सगळ्यात जास्त वसूल झालेली वस्तू म्हणजे रबराचं पोकळ खेळणं, काँग. लाल रबर नेहमीच्या चावणाऱ्यांसाठी, काळं जास्त कडक, जबड्यात जोर असलेल्यांसाठी. मापात कंजुषी नको. पाकिटावर वजनाचे आकडे असतात. कुत्रा दोन मापांच्या मध्ये पडत असेल तर मोठं घ्या. लहान माप घशात अडकू शकतं.

भरायची पद्धत अशी. कोरडं खाणं ४०-५० ग्रॅम घेऊन कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा. त्यात दोन चमचे आंबट नसलेलं दही आणि दोन चमचे बिनमिठाचा, उकडून कुस्करलेला लाल भोपळा मिसळा. खालचं बारीक भोक पनीरच्या छोट्या तुकड्याने बंद करा, सारण सैलसर भरा, वरचं तोंड दह्याने लिंपा आणि स्टीलच्या पेल्यात उभं ठेवून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. पहिल्याच दिवशी दगडासारखं गोठवलेलं दिलं की कुत्रा दोनदा चाटतो आणि सोडून देतो; मग लोक म्हणतात, आमच्याला आवडत नाही. पहिले दोन-तीन दिवस न गोठवता, नुसतं सैल भरून द्या, पुढे दोन तास गोठवून, मग रात्रभर. नीट गोठलेलं काँग अर्धा-पाऊण तास सहज पुरतं, म्हणजे पाहुणे येऊन चहा घेऊन जाईपर्यंत. स्वस्तातली नक्कल घेत असाल तर एक गोष्ट तपासाच: भोकं दोन्ही बाजूंना हवीत. एकच भोक असलेल्या खेळण्यात हवा ओढली जाऊन जीभ आत अडकण्याचा धोका असतो. पीनट बटर भरणार असाल तर घटकांमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना, ते वाचा. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली येते आणि जीवावर बेतू शकतं.

धुण्याचं काम मात्र कंटाळवाणं आहे. बाटली घासायचा ब्रश, गरम पाणी आणि तोंड खाली करून वाळवणं, तेही त्याच दिवशी. पावसाळ्यात एक रात्र तसंच राहिलं तर आंबूस वास रबरात बसतो. कुबड्यांवर असताना हे रोज जमत नाही, म्हणून तीन नग ठेवावेत आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ते एकदम धुवून, भरून ठेवावेत.

सिलिकॉनची चाटायची चटई, म्हणजे लिक मॅट, यापेक्षा स्वस्त आणि भरायला सोपी. दह्याचा पातळ थर, वर चिकनचं बिनमसाल्याचं पाणी, गोठवून द्यायची. टिकते दहा-पंधरा मिनिटं. तिचा दोष तिच्या कडेत आहे. खाऊ संपला की लॅब्रेडॉर समोरच्या बारीक दातांनी कड कुरतडतो. आधी किनारीवर पांढरट ओरखडे दिसतात, मग तांदळाएवढे तुकडे गायब होतात. मागे चिकटणारे कप असलेली घेऊन ती फरशीऐवजी बाथरूमच्या टाइलवर, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीला चिकटवली तर कड तोंडात यायची शक्यता बरीच कमी होते. आणि संपताक्षणी उचला, नाहीतर मुंग्यांची रांग लागते.

कापडी पट्ट्यांची हुंगायची चटई, स्नफल मॅट, सकाळच्या खाण्यासाठी उत्तम. ६०-७० ग्रॅम कोरडं खाणं पट्ट्यांच्या मुळाशी बोटांनी दाबून बसवलं तर शोधायला दहा-बारा मिनिटं लागतात. नुसतं वरून भुरभुरलं तर दोन मिनिटांत खेळ संपतो. विकत घेताना एक पट्टी ओढून पाहा: नुसती ओवलेली असेल तर पहिल्या आठवड्यात निघते, गाठ मारलेली असेल तर टिकते. कापड गिळायची खोड असलेल्या कुत्र्याला ही देऊच नये. आतड्यात अडकलं तर थेट ऑपरेशन, आणि दवाखान्यात घेऊन जाणारा माणूसच अंथरुणावर. जून ते सप्टेंबर ही चटई धुतल्यावर वाळायला दोन दिवस घेते, तेव्हा जुन्या टॉवेलची गुंडाळी तेच काम फुकटात करते. पसरलेल्या टॉवेलवर खाणं टाका, गुंडाळा, जमायला लागलं की मध्ये सैल गाठ मारा. कुरिअरचे खोकेही चालतात. चिकटपट्टी आणि पिना आधी काढायच्या. इडलीपात्राची जुनी थाळी घेऊन प्रत्येक खळग्यात चार दाणे आणि वर टेनिसचा चेंडू, हा खेळ पलंगावर बसून मांडता येतो, म्हणून आजारपणात तो सगळ्यात जास्त चालला.

फ्लर्ट पोल म्हणजे काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला कापडाचं शेपूट. खुर्चीत बसून कुत्र्याला खरा व्यायाम द्यायची ही एकमेव वस्तू जी मनापासून सुचवता येते, पण अटी आहेत. घरी करायची असेल तर पाऊण इंची पीव्हीसी पाइप, तीन फूट. त्यातून जाड सुती दोरी ओवून दोन्ही टोकांना गाठ, बाहेर पाच फूट दोरी, टोकाला फ्लीसचा वेणी घातलेला तुकडा. विकतच्या पोलमध्ये लवचीक दोरी असते. कुत्र्याने ती ताणून सोडली की टोक सपकन तोंडावर येतं, म्हणून बसून खेळणाऱ्याला साधी दोरीच बरी.

शेपूट सतत जमिनीलगत, मोठ्या गोलात फिरवायचं. हवेत उडवलं की कुत्रा उडी मारून वळत खाली येतो आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याची सोय होते. व्हिट्रिफाइड फरशीवर हा खेळ अजिबात नको. पाय घसरतात आणि अंगाचा सगळा भार मागच्या सांध्यांवर येतो. सतरंजीही सरकते. गच्ची, पार्किंगचा खडबडीत कोबा किंवा मागे रबर असलेलं जाड जाजम चालेल. गच्चीला कठडा कमी असेल तर तीही नको. दोन मिनिटं खेळ, मग "सोड", मग "बस", मग एक मिनिट शांत. असे तीन-चार फेरे, एकूण दहा मिनिटं. शेवटी शेपूट पकडू द्यायचंच, आणि सोडल्यावर मूठभर दाणे जमिनीवर विखरून हुंगत हुंगत थंड होऊ द्यायचं. दीड वर्षाच्या आतल्या मोठ्या जातीच्या पिल्लाला आणि कंबरेच्या सांध्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला हा खेळ वर्ज्य. एप्रिल-मेमध्ये फक्त पहाटे.

याच्या उलट, आपोआप चेंडू फेकणारं यंत्र. पैसे वाया. पन्नास वेळा चेंडू मागे पळालेला कुत्रा धापा टाकत पडतो खरा, पण आठवड्याभरात तो यंत्रासमोर उभा राहून भुंकायला लागतो, आणि बिछान्यावर पडलेल्या माणसाला नेमका तोच आवाज नको असतो.

आता मनगटांचं. चिकुनगुन्यात पाय चालतात पण मूठ मिटत नाही, आणि इथे हार्नेस, म्हणजे कुत्र्याच्या छाती-पाठीभोवतीचा पट्टा, ठरवतो की तुम्ही बाहेर पडू शकता की नाही. छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या. पाठीवरच्या कडीला लीश, म्हणजे धरायची दोरी, लावली की कुत्रा सगळ्या अंगाने ओढतो. छातीवरच्या कडीने ओढ लागताच तो तुमच्याकडे वळतो. खांद्यावरून आडवी पट्टी जाणारे हार्नेस पुढच्या पायांची हालचाल अडवतात. वाय आकाराचा बरा. पट्टीखाली सपाट दोन बोटं जायला हवीत आणि कोपराच्या मागे निदान तीन बोटं मोकळी जागा. पावसात ओला हार्नेस अंगावर ठेवला तर काखेत केस जाऊन लाल चट्टे येतात, तेव्हा घरी आल्याबरोबर काढा. हार्नेसच्या कडीपासून कॉलरपर्यंत एक छोटी जोडपट्टी हवीच. प्लॅस्टिकचं बक्कल एखाद दिवशी दगा देतं. त्यासाठी किल्ल्यांना लावायचा शोभेचा हूक वापरू नका, झटक्याने उघडतो.

लीश दोन मीटर, रुंद पट्टीची, मऊ मुठीची. मनगटाला गुंडाळायची नाही. कमरेला बांधायची लीश तर या काळात पूर्णपणे बाद: मांजर दिसली की कुबड्यांसकट माणूस आडवा. दोरी आपोआप गुंडाळणारी लीशही नको. तिची जाड मूठ दुखऱ्या बोटांत बसत नाही, हातातून पडली की खडखडत कुत्र्याच्या मागे जाते आणि तो बिथरून आणखी पळतो. जिने टाळा, लिफ्ट वापरा. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही.

मुलांसाठीचं अडसर-दार, बेबी गेट, घेताना सगळे उंची बघतात. बघायला हवी ती खालची दांडी. स्क्रू न लावता दाबून बसवायच्या गेटला फरशीपासून बोटभर उंचीवर लोखंडी पट्टी असते. कुबडी किंवा वॉकर घेऊन जाणाऱ्याला ती हमखास अडते. म्हणून गेट अशाच दाराला लावा जिथून रुग्णाला जायचं नाही, उदाहरणार्थ स्वयंपाकघर. आपल्याकडे चौकटीला संगमरवराची पट्टी असते, तिच्यावर रबरी पाय सरकतात. लॅब्रेडॉरने दोनदा छाती लावली की गेट खाली. तीन फुटी दाराला जोडपट्टी वेगळी घ्यावी लागते, हेही मागवण्याआधी मोजा.

रुग्णाच्या खोलीत गेटपेक्षा "जागेवर" ही सवय जास्त कामी येते. पलंगापासून हातभर अंतरावर एक चटई. कुत्र्याचे पाय तिच्यावर पडले की दाणा चटईवर टाका, हातातून देऊ नका. हातातून दिला तर तो हाताकडे, म्हणजे पलंगावर, म्हणजे प्लास्टरवर येतो. आधी दर दोन सेकंदांनी एक दाणा, मग पाच, मग दहा. तो कुल्ला टेकवून एका बाजूला सैल बसला की समजा, जमतंय. घंटा वाजली की आधी मूठभर दाणे चटईवर, मग दार. दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी तीन-चार मिनिटं. आठवड्याभरात फरक दिसतो.

शी-शूसाठीचं कृत्रिम गवताचं ताट मोठ्या कुत्र्याला जमलं नाही. बाहेर जायची सवय पक्की झालेला कुत्रा त्यावर बसतो, झोपतो, पण शू करत नाही. पिल्लांना आणि लहान जातींना उपयोग होतो. मोठ्यासाठी दिवसातून निदान तीन वेळा खाली नेणारा माणूस ठरवणं भागच आहे. त्याच्याबरोबर दोन दिवस आधी हार्नेस घालायचा सराव करून घ्या आणि एका कागदावर लिहून द्या: कुठल्या कडीला हूक, कुठल्या गल्लीत भटके कुत्रे, पशुवैद्याचा नंबर, रेबीजची लस कधी झाली. त्याला तासभर पळवायला सांगू नका. वीस मिनिटं, कुत्र्याच्या गतीने, हवं तिथे हुंगू देत.

औषधांचा डबा हा या सगळ्यातला सर्वांत धोकादायक भाग. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल तिन्ही कुत्र्याला विषारी. पडलेली गोळी सगळ्यांच्या लक्षात येते, पण गुडघ्याला लावलेलं डायक्लोफेनॅकचं मलम कुत्रा चाटून काढतो हे लक्षात येत नाही. मलम लावल्यावर वरून पायमोजा किंवा क्रेप बँडेज, आणि हात धुतल्याशिवाय कुत्र्याला हात लावायचा नाही. टाक्यांची जखम चाटू देऊ नका. प्लीहा काढलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाला कुत्र्याच्या लाळेतल्या कॅप्नोसायटोफॅगा या जंतूपासून गंभीर संसर्ग होऊ शकतो.

खाण्याचं प्रमाण मोजूनच. ३० किलोच्या कुत्र्याची नुसत्या विश्रांतीतली गरज साधारण ९०० कॅलरी, नेहमीच्या हालचालीला १४०० च्या आसपास. फिरणं निम्म्यावर आलं तर रोजचं खाणं दहा ते पंधरा टक्के कमी करा आणि काँग, चटई, चाटणं सगळं त्याच मापातून काढा. सकाळी दिवसाचं खाणं वजनकाट्यावर मोजून एका डब्यात ठेवायचं. डबा संपला की दिवस संपला. वरचा खाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच दिवशी टेकडीवर नेऊ नका. चालणं कमी झाल्याने नखं वाढलेली असतात, पंजे मऊ पडलेले असतात. नखं कापून घ्या, दहा मिनिटांपासून सुरुवात करा, दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा, आणि हार्नेसच्या पट्ट्या पुन्हा दोन बोटांनी तपासा. वजन एक-दोन किलो वाढलं असेल तर पट्ट्या सगळ्यात आधी काखेत रुततात.