मांसाच्या फॉन्ड्यूसाठी तेल की रस्सा? आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर आम्ही स्टीलचे दीड लिटरचे फॉन्ड्यूचे भांडे घेतले आणि मार्गशीर्ष वगळता साताऱ्यातल्या आमच्या घरी आजवर चौदा वेळा वापरले. खाली स्पिरिटचा दिवा, वर भांडे आणि टोकांना वेगवेगळे रंग असलेले सहा लांब काटे, एवढाच हा संच आहे. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने काट्याला खोचलेला तुकडा मधल्या एकाच गरम भांड्यात बुडवून खायचा, हे म्हणजे फॉन्ड्यू. भांड्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यात काय ओतायचे हा प्रश्न मात्र सुटायला बरेच महिने लागले.

फ्रेंच भाषेत फॉन्ड्यू म्हणजे वितळवलेले, म्हणून हा शब्द ऐकला की चीजच डोळ्यांसमोर येते. मांसाच्या फॉन्ड्यूत मात्र काहीच वितळवायचे नसते. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. बुर्गिन्योन म्हणतात त्यात मांसाचे चौकोनी तुकडे कडकडीत तेलात तळतात, आणि शिन्वाझ म्हणतात त्यात कागदासारखे पातळ काप उकळत्या रश्शात शिजवतात. चीजसाठी असलेले मातीचे भांडे तेलाच्या उष्णतेने तडकू शकते, म्हणून तेलासाठी धातूचेच भांडे हवे.

सुरुवात आम्ही तेलाने केली. तेल साधारण 180 ते 190 अंश सेल्सिअस तापावे लागते. पावाचा तुकडा टाकल्यावर तो अर्ध्या-पाऊण मिनिटात तांबूस झाला की तेल तयार झाले असे मी समजते. स्पिरिटच्या दिव्यावर तेल इतके तापतच नाही, ते आधी गॅसवर तापवूनच टेबलावर आणावे लागते. रोजच्या फोडणीसाठी आम्ही घाण्याचे शेंगदाणा तेल वापरतो, पण इथे ते फेसाळले आणि लवकर धुरावले. रिफाइन्ड शेंगदाणा तेल मात्र शेवटपर्यंत टिकले. साजूक तूपही ही उष्णता सोसते, पण एका बैठकीसाठी पाऊण लिटर तूप खर्ची घालणे मला पटले नाही. लोणी अजिबात चालत नाही, त्यातला दुधाचा अंश करपतो.

दुसऱ्याच वेळी धाकट्या भाऊजींनी धुतलेल्या चिकनचा ओला तुकडा तसाच तेलात सोडला आणि उडालेल्या थेंबांनी सासूबाईंच्या मनगटावर भाजले. तेव्हापासून तुकडे स्वच्छ पंचाने पूर्ण कोरडे केल्याशिवाय मी टेबलावर ठेवत नाही, भांडे निम्म्याहून जास्त भरत नाही, आणि दिवा विझून गार झाल्याशिवाय त्यात स्पिरिट ओतू देत नाही.

तेलात चिकन आणि कोलंबी उत्तम होते, पण आपले मटण म्हणजे बोकडाचे, आणि त्याचा चौकोनी तुकडा दोन-तीन मिनिटांच्या तळणात चिवटच राहतो. कच्च्या पपईचा गर लावून ठेवल्यावर थोडा फरक पडला, तरी सासूबाईंना तो चावेना. म्हणून आम्ही रश्शाकडे वळलो.

आधी हौसेने तांबडा रस्सा ओतला. त्यातला मसाला तळाशी बसून लागला आणि मिरचीच्या वाफेने टेबलाभोवतीचे सगळे ठसकू लागले. पांढऱ्या रश्शातले नारळाचे दूध तासभर उकळत राहिल्याने फुटले. शेवटी जे जमले ते आपले अळणी पाणी. मटणाची हाडे, हळद आणि आले-लसूण कुकरमध्ये शिजवून मी ते पाणी गाळते, वर आलेली चरबी काढते आणि मीठ नेहमीच्या निम्मेच घालते, कारण जेवणभर पाणी आटत जाते आणि शेवटी तोच रस्सा खारट होतो. भर घालण्यासाठी शेजारी उकळत्या पाण्याची किटली ठेवते. गार पाणी ओतले की उकळी मोडते.

मांस दीड तास फ्रीझरमध्ये ठेवले की ते घट्ट होते आणि रानीचे, म्हणजे मांडीच्या मांसाचे, काप हवे तितके पातळ निघतात. असा काप काट्याला खोचून रश्शात धरला की कडेने लगेच राखी पडतो, मग मधला गुलाबी पट्टा आक्रसत जातो आणि मिनिटभरात नाहीसा होतो; मटण इतके मऊ आमच्याकडे तेलात कधीच झाले नव्हते. मात्र एका वेळी चारापेक्षा जास्त काटे पडले की बुडबुडे थांबतात आणि मांस शिजण्याऐवजी नुसते भिजत राहते. आपले गाव उंचावर असल्यामुळे पाणी इथे 97-98 अंशांनाच उकळते. रश्शात त्याच्यावर उष्णता जात नाही, म्हणून चिकनचे काप मी आणखी पातळ करते आणि एखादा काप मधोमध तोडून आत गुलाबी राहिला नाही ना हे पाहते. कच्च्या मांसाची ताटली वेगळी, आणि खाण्याचा काटाही वेगळा, कारण लांब काटा कच्च्या मांसाला लागलेला असतो आणि तेलातून निघाल्यावर तोंड भाजण्याइतका तापलेला असतो.

आता चिकन-कोलंबीसाठी कधीमधी तेल काढते, मटणाला मात्र अळणीच. तेलाच्या बैठकीनंतर पाऊण लिटर वास लागलेले तेल उरते, ते पुन्हा वापरवत नाही आणि मोरीतही ओतता येत नाही. अळणीचे तसे नाही. जेवण संपत आले की भांडे परत गॅसवर ठेवून, त्यात कच्चे मांस पडलेले असल्यामुळे, दोन-तीन मिनिटे खळखळून उकळते, आणि गरम इंद्रायणी भातावर ते पाणी सगळ्यांना वाढते. सासूबाई त्यातली वाटीभर लिंबू पिळून बाजूला काढून घेतात.