पेशीत लपणाऱ्या जंतूंचा भिंततक्ता: क्षयाचा भाग उत्तम, विषमज्वराचा चुकीचा

अमळनेर येथील आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी जळगावच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून हा तक्ता साडेतीनशे रुपयांना घेतला. वर्षभर वापरल्यानंतर लिहीत आहे.

क्षयाचे चित्र पाहूनच तो घेतला होता. महाभक्षक पेशी जंतूला गिळते तेव्हा तो पटलाच्या पिशवीत बंद होतो. पुढे पाचक विकरांनी भरलेले लायसोसोम त्या पिशवीत मिसळते, आतील सामू (pH) पाचच्या आसपास उतरतो, म्हणजे आत आम्लता वाढते, आणि एरवी जंतूचा निकाल लागतो. क्षयाचा जंतू हे मिसळणेच रोखून धरतो, त्यामुळे त्याच्या पिशवीतील सामू 6.2 च्या आसपास राहतो आणि ज्या पेशीने त्याला मारायचे तिच्यातच तो तग धरतो. हा अडथळा चित्रकाराने इतक्या नेमकेपणाने दाखवला आहे की मला फळ्यावर काही काढावे लागले नाही. ‘सर, पोटमा गया तरी मरस नही का?’ हा अहिराणीतला प्रश्न मात्र दरवर्षी येतोच, आणि त्यामागोमाग सहा महिने गोळ्या कशासाठी, हाही. जवळजवळ वाढ थांबवून बसलेल्या जंतूंवर औषधे फार हळू काम करतात, म्हणून पहिले दोन महिने चार आणि पुढचे चार महिने तीन औषधे द्यावी लागतात, हे उत्तर तक्त्यावर दोन ओळींत बसले असते, ते नाही.

विषमज्वराच्या भागात ढोबळ चूक आहे. विषमज्वराचा जंतू साल्मोनेला पिशवी फोडून पेशीद्रवात शेपटी घेऊन धावताना दाखवला आहे. हे वर्तन लिस्टेरिया या दुसऱ्याच जंतूचे: तो लिस्टेरिओलायसिन या प्रथिनाने पटल फोडतो आणि पेशीतील ॲक्टिन या धाग्यासारख्या प्रथिनाची शेपटी करून शेजारच्या पेशीत घुसतो. साल्मोनेला बहुतांशी पिशवीतच राहतो आणि सुईसारख्या यंत्रणेने पटलापलीकडे आपली प्रथिने टोचून त्या पिशवीला राहण्याजोगी करून घेतो. परीक्षेत मुले हेच चित्र काढतील, ही माझी खरी तक्रार आहे.

कोपऱ्यातील इतिहासाची चौकट छोटी पण बरोबर आहे. जर्मन शास्त्रज्ञ कॉखने क्षयाचा जंतू 24 मार्च 1882 रोजी जाहीर केला, आणि त्याच वर्षी प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफने इटलीतील मेसिना येथे ताऱ्यामाशाच्या अळीत भक्षक पेशी पाहिल्या. कागद जाड आहे. खानदेशच्या उन्हाळ्यातही लॅमिनेशन सुटले नाही.

दुकानदाराने तक्ता बदलून दिला नाही. शेपटीवर पांढरा कागद चिकटवून तेथे सुया मी हाताने काढल्या आहेत.